तारेवरचा आवाज

मावजुदाने डोक्याचा निळा रुमाल कानांमागे सारला आणि म्हाताऱ्याने पुढे केलेले हेडफोन स्वतःच्या हाताने चढवले. दुखवट्याचा रुमाल, तोही परक्या पुरुषासमोर सारायचा, हे सासूला कळतं तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. पण सासू केव्हाच जर्दाळूच्या बागेपलीकडच्या कबरस्तानात गेली होती आणि या वसंतात तिचा मुलगाही, मावजुदाचा नवरा शोदमोन, तिच्याशेजारी जाऊन निजला होता.

समोर टेबलावरच्या यंत्रात केसासारखी बारीक पोलादी तार होती. पडलेल्या विमानातून ती निघाली होती. दोन ठिकाणी तुटलेली, गाठ मारून जोडलेली. वैमानिकांच्या खोलीत जे बोललं जातं ते या तारेत उतरतं, असं गेर्मान ल्वोविचने तिला समजावून सांगितलं. तो मॉस्कोहून आलेल्या चौकशी समितीतला. पांढरे केस, चहात साखर न घालणारा, आणि बाईमाणसाशी बोलताना उठून उभा राहणारा.

"आवाज कुणाचा, एवढंच सांगायचं. घाई नाही," तो म्हणाला आणि त्याने कळ दाबली.

आधी नुसती खरखर. मग इंजिनांची घरघर, आणि तिच्या खालून कप्तान रशियनमध्ये काहीतरी वैतागून बोलला. धुकं, काही दिसत नाही, असं. मग टक् असा बारीकसा आवाज झाला. मग दुसरा एक माणूस शांतपणे म्हणाला, "डोंगर मागे पडला. आता भिऊ नका, उतरा."

टक् झालं तेव्हाच मावजुदाला कळलं होतं. पुढचं वाक्य ऐकायचीही गरज नव्हती.

जर्दाळूच्या बिया मीठ लावून गरम राखेत भाजल्या की त्यांना चीर पडते. अशा बिया ती मूठभर शोदमोनच्या कोटाच्या खिशात घालून द्यायची. त्याची एक खोड होती. काही विचारलं की आधी दाढेखाली बी फोडायची आणि मग तोंड उघडायचं. लेकीला, निगीनाला कोणत्या शाळेत घालायचं? टक्. छप्पर या वर्षी शाकारायचं का? टक्. ती चिडवायची, "दात पडले की तुम्ही मुकेच होणार बघा." त्यावरही तो आधी बी फोडायचा.

"ओळखलात?" गेर्मान ल्वोविचने विचारलं.

"नीट कळला नाही. पुन्हा लावा."

त्याने पुन्हा लावला. तिने डोळे मिटून घेतले. शोदमोन तिथेच होता, कानाशी तोंड आणून बसल्यासारखा. ती पुन्हा म्हणाली की खरखर फार आहे, आणखी एकदा ऐकते. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर म्हाताऱ्याने यंत्र बंद केलं आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. तार आता नाजूक झाली आहे, दरवेळी थोडी झिजते, असं तो म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, की उद्या सकाळी शांत मनाने या.

ती धडधडीत खोटं बोलली होती आणि तिला त्याची जराही लाज वाटत नव्हती. उद्या पुन्हा ऐकायला मिळणार, एवढंच मनात घेऊन ती घरी निघाली.

गल्लीत नेहमीसारखं होतं. विमान पडलं त्या आठवड्यात वर्तमानपत्रात कापसाच्या पेरणीची बातमी होती आणि कुठल्याशा नृत्यपथकाचा फोटो होता. विमानाबद्दल चकार शब्द नाही. दफनाच्या वेळी गर्दी करू नका, असं वरून सांगणं होतं. कबरीच्या दगडावर विमानाचं नाव घालू नका, असंही. गल्लीतली माणसं तोंड वाकडं करून म्हणत, आपली विमानं पडत नाहीत रे बाबा, ती फक्त पोचत नाहीत. त्याच विमानात समोरच्या शराफतची मुलगी आणि जावई होते. तरी शराफत रोज सकाळी तंदूरची पहिली रोटी मावजुदाकडे पाठवत असे, कारण दोघींचं दुःख एकच.

संध्याकाळी धाकटा दीर सैदाकबर आला. विमानतळावर सगळीकडे एकच चर्चा आहे, म्हणाला. डोंगर ओलांडायच्या आधीच उतरा असं कुणीतरी सांगितलं, आणि ज्याने सांगितलं त्याच्या नावावर सगळं जाणार. सांगणारा एक तर नकाशा सांभाळणारा आपला शोदमोन, नाही तर कप्तानाशेजारी बसणारा दावरोन.

"तू फक्त नाही म्हण, वहिनी. खोटं बोल म्हणत नाही मी. ओळखू येत नाही म्हण. निगीनाला याच गल्लीत मोठं व्हायचंय. कुणाची मुलगी म्हणून मोठी होणार ती?"

मावजुदाने त्याच्या वाटीत चहा ओतला. त्याचं काही चुकत नव्हतं. उद्या शराफतला कळलं की तिची पोरगी कुणाच्या शब्दावर गेली, तर रोटी येणार होती थोडीच?

दिवे लागायच्या सुमाराला ओयशाखाला आली. दावरोनची आई, गल्लीतल्या सगळ्यांची खाला, म्हणजे मावशी. गल्लीच्या टोकाला राहायची, नवरा युद्धात गेलेला, हा एकच मुलगा शिकवून वैमानिक केलेला. दफनापासून ती रोज अंगणातल्या बाजेवर येऊन बसे. दोघी फार बोलत नसत.

"चेहरा दिसतो गं," खाला त्या दिवशी म्हणाली. "फोटो आहे ना भिंतीवर. पण आवाज गेला. काल दिवसभर आठवत होते, तो मला आई कसा म्हणायचा. येईचना."

मावजुदाने चहाची किटली उचलली. खालाने रुमालाच्या टोकाने नाक पुसलं आणि तिचा सूर बदलला.

"म्हणतात, कुणीतरी उतरा म्हणालं म्हणून उतरले. ज्याच्या तोंडून तो शब्द निघाला ना, त्याची जीभ झडो. कबरीतसुद्धा झडो." तिने दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवले. "आमीन."

अशा वेळी शेजारी बसलेल्यानेही हात उचलायचे असतात. मावजुदाच्या हातात किटली होती. तिने ती खाली ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी ती विमानतळावर पोचली तेव्हा दाराशी बाकावर खाला बसलेली. तिलाही बोलावलं होतं. ती आधीच आत जाऊन आली होती. मावजुदाला बघताच तिने तिचा हात असा धरला की बांगडी रुतली.

"ऐकला! माझा दावरोन बोलला गं!"

खालाचा चेहरा लग्नघरातल्या बाईसारखा झाला होता. तिने सांगितलं ते असं, की कानाला ते लावलं, आधी नुसता गोंधळ, मग कुणीतरी तावातावाने बोललं, तो परका. आणि मग तो. अगदी शांत. म्हाताऱ्या साहेबाने कारकुनाकरवी विचारलं, हा तुमचा मुलगा का? ती म्हणाली, नाही तर कुणाचा? स्वतःचं पोर ओळखायला आईला दोनदा ऐकावं लागतं होय?

मावजुदाने रुतलेली बांगडी हळूच सोडवली.

"पण रशियनमध्ये बोलला मेला," खाला हळू आवाजात म्हणाली. "मला कुठलं कळतंय. कारकुनाला विचारलं तर म्हणतो, सांगायचा हुकूम नाही. तू शाळेत शिकलेली. आत जाशील तेव्हा नीट ऐक, आणि मला सांग, काय म्हणाला माझा."

आत खोलीत यंत्रावर कापड घातलेलं होतं. गेर्मान ल्वोविच उठून उभा राहिला आणि मग बसला. तो म्हणाला की आता तिला त्रास द्यायचं तसं कारण उरलेलं नाही. पूर्ण तारेत दावरोन एकदाही बोललेला नाही; बोलला असेल तर हे एकच वाक्य. त्याच्या आईने आवाज ओळखला आहे. मावजुदाने हा आपल्या नवऱ्याचा आवाज नाही, एवढं सांगितलं की काम संपलं. यंत्र लावायचीही गरज नाही.

म्हणजे एका शब्दात सगळं सुटत होतं. शराफतची रोटी येत राहणार, निगीनाची मान ताठ राहणार, आणि सैदाकबर सुस्कारा टाकणार. शिवाय बाहेर ती बाई आनंदात बसली होती. कुणाचं काय बिघडत होतं? फक्त शोदमोन त्या तारेवर नव्हताच असं होणार होतं. त्याचं उरलेलं तेवढं एक वाक्य दुसऱ्याचं होणार, आणि ज्या पोराने तोंडसुद्धा उघडलं नाही, त्याच्या नावावर सगळी मढी जाणार. मावजुदाला शोदमोन दोषी ठरलेला चालला असता. तो बोललाच नव्हता, हे तिला सोसवेना.

तिने झग्याच्या खिशातून एक बी काढली, दाढेखाली धरली आणि फोडली.

टक्.

गेर्मान ल्वोविच चहाची वाटी उचलत होता. वाटी तिथेच थांबली. मग त्याने यंत्रावरचं कापड काढलं, एक हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि तेवढाच तुकडा ऐकला.

"आम्ही याला तारेची गाठ समजत होतो," तो म्हणाला.

"निगीनाचे बाबा आधी बी फोडायचे, मग बोलायचे. आवाज त्यांचा आहे."

"काल ओळखला होतात?"

"हो."

"मग पुन्हा पुन्हा का ऐकलात?"

तिने हातातली टरफलं टेबलावर सांडू नयेत म्हणून मूठ घट्ट केली.

मग म्हातारा म्हणाला की शोदमोनची आकडेमोड बिनचूक होती. समोरून वारा किती आहे हे त्याला जमिनीवरून सांगितलं गेलं, ते पहाटेचं होतं. मधल्या वेळात वारा वाढला, विमानाचा वेग कमी पडला, आणि घड्याळाप्रमाणे मागे पडलेला डोंगर खरं तर अजून समोरच होता.

"मग चूक कुणाची?"

"बऱ्याच जणांची. थोडी वाऱ्याची." त्याने कागद तिच्यापुढे सरकवला. "मी वाराही लिहीन. पण वर विचारतात, वारा कुणाच्या हाताखाली होता? शेवटी माणसाचंच नाव राहतं, बाई. सही करण्याआधी विचार करा."

तिने सही केली. मग म्हणाली, "बाहेर खाला बसल्या आहेत. त्यांना आजच सांगू नका."

"अहवाल त्यांच्या भाषेत निघत नाही," गेर्मान ल्वोविच म्हणाला. तो उठला, कुणी न सांगता त्याने हेडफोन तिच्यापुढे ठेवले, कळ दाबली आणि खिडकीशी जाऊन तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. तार संपली की तो मागे न बघताच हात लांबवून ती पुन्हा गुंडाळून घेई आणि पहिल्यापासून लावी. ती झिजते आहे हे त्याने एकदाही म्हटलं नाही. शेवटी मावजुदानेच हेडफोन काढले आणि रुमाल कानांवर ओढून घेतला.

बाहेर ऊन बाकापर्यंत आलं होतं. खाला सरकून सावलीत बसली होती आणि शेजारी तिने मावजुदासाठी जागा धरली होती.

"काय म्हणाला गं?"

मावजुदा बसली. आज ना उद्या गावात कळणारच होतं. मग हीच खाला आपल्या दारावरून मान फिरवून जाईल, संध्याकाळी बाज रिकामी राहील, आणि तो शाप ती नाव घेऊन देईल. हे सगळं तिला दिसत होतं. पण बाई विचारत होती, आणि उत्तर तर साधंच होतं. त्यात एक अक्षरही बदलावं लागणार नव्हतं; शेवटचा एक शब्द तेवढा गाळायचा.

"म्हणाला, डोंगर मागे पडला. आता भिऊ नका."

"डोंगर मागे पडला," खाला पुटपुटली. "आता भिऊ नका." तिने ते दोन-तीनदा म्हणून पाहिलं, पाठ करायचं असल्यासारखं. मग तिने विचारलं, "घाबरला नव्हता ना गं?"

"नाही. घरात बोलतात तसा आवाज होता."

"बघ, शेवटीसुद्धा दुसऱ्यांनाच धीर दिला माझ्या लेकराने," खाला म्हणाली. ती रडत होती, पण काल रडत होती तशी नाही. "त्या तोंडात साखर पडो गं. जिथे असेल तिथे, त्या जिभेला गोडच लागो सगळं."

तिने दोन्ही तळहात वर केले.

मावजुदाने मुठीतली टरफलं खिशात टाकली, हात झग्याला पुसले आणि तिच्याबरोबर उचलले. तळहात चेहऱ्यावरून फिरवताना त्यांना मिठाचा आणि राखेचा वास येत होता.

"आमीन," ती म्हणाली.