भावकूचा पाय

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी गाडी आहे. पण कोणाची, ते मात्र विचारू नका. कागदोपत्री मी गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपनीची. चालवणारा दरमहा भाडं भरतो आणि तीन वर्षं मला वापरतो. करारात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'देखभालीचा खर्च चालवणाऱ्याचा.' चालवणारा म्हणतो, गाडी कंपनीची, मी कशाला पैसे घालू? कंपनी म्हणते, वापरतोस तू, तूच बघ. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण माझ्यासाठीच केली असावी!

माझा पहिला चालक संकेश्वरचा भावकू. मोठा हौशी माणूस. काचेजवळ झेंडूची माळ, दर अमावास्येला नारळ, चारी चाकांखाली लिंबं. पण सर्व्हिसिंगचं नाव काढलं की त्याचा हात आखडायचा. माझे ब्रेक झिजले. ब्रेकच्या पॅडला एक लहानशी लोखंडी पट्टी असते. पॅड संपत आलं की ती चाकाच्या चकतीला घासते आणि किंचाळते. हॉर्न माणूस वाजवतो. हा आवाज तेवढा आमचा स्वतःचा.

मी महिनाभर किंचाळत होते. भावकूने एकाचे दोन नारळ केले. मग एके दिवशी निपाणीकडे उतरताना, तवंदी घाटातल्या वळणावर त्याने ब्रेक दाबला आणि मला थांबता आलं नाही. लोकांनी त्याचा देह बाहेर काढला, तेव्हाही त्याचा पाय पेडल दाबल्यासारखाच ताठ होता. तो पाय मला अजून जाणवतो.

कंपनीने मला नवा पत्रा ठोकला, नवे ब्रेक बसवले, नवा रंग दिला. सर्व्हिसिंगची वहीसुद्धा नवी कोरी ठेवली. त्या वहीत भावकूचं नाव नव्हतं.

मग मला वडगावच्या परशरामने घेतलं. त्याचं घर हातमागावर साड्या विणणारं. दोन माग विकून त्याने माझी अनामत भरली. तिसरा माग त्याच्या आईने, चंद्राबाईने, विकू दिला नाही. साड्यांचे गठ्ठे निपाणीच्या दुकानांत पोचवायचे आणि येताना प्रवासी घ्यायचे, असा त्याचा धंदा. रोज सकाळी तो मला जुन्या साडीच्या मऊ फडक्याने पुसायचा. खरं सांगते, मला त्याचा लळा लागला होता.

पण दीड वर्ष झालं तरी सर्व्हिसिंगचा पत्ता नाही. खासबागेतले मारुतीराव मेस्त्री एकदा म्हणाले, "परशाअण्णा, ब्रेक बघून घ्या. सगळं मिळून साडेसहा हजार हुतील."

"गाडी कुठं आपली हाय, मारुतीराव? आणि दीड वर्षानं कंपनी घिऊन जाणार. परक्याच्या पोरीला मी सोनं कशाला घालू?"

मी पुन्हा किंचाळू लागले. मागे बसलेले प्रवासी एकमेकांकडे बघायचे. कोणी म्हणे, बाई रडतेय.

एका संध्याकाळी त्याच वळणावर परशरामचा पाय ब्रेककडे वळला. तो पोचण्याआधीच पेडल खाली गेलं. त्याने वाकून पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. हा प्रकार पुढच्या आठवड्यात परत झाला. मग संकेश्वरच्या चहाच्या गाड्यावर एक म्हातारा मला न्याहाळून म्हणाला, "रंग नवा हाय, पर ही भावकूचीच गाडी न्हवं?"

परशरामची पाचावर धारण बसली. त्याने देवऋषी गाठला. दहीभात, लिंबू, बुक्का, उतारा. सात हजार रुपये! ज्याला साडेसहा हजार जड झाले होते, त्याने सात हजार मुकाट मोजले. हसू नका, मित्रांनो. घाबरलेला माणूस घासाघीस करत नाही.

पुढच्या रविवारी परशरामच्या मेहुणीचा निपाणीला साखरपुडा होता. मागे बायको मनिषा, तिच्या शेजारी चंद्राबाई. घाटमाथ्यावर मी जिवाच्या आकांताने ओरडले.

"अगं बाई! रडतीया की ती!" मनिषाने कान झाकले.

चंद्राबाईने मात्र डोळे मिटून ऐकलं. "रडं न्हवं ह्ये. परशा, थांबीव."

"आये, ह्याच घाटात उतारा टाकलाय मी. हितं थांबायचं न्हाय!"

त्याने वेग वाढवला. आणि पेडल खाली गेलं, तळाला टेकलं. मी उताराच्या तोंडाशी उभी राहिले. इंजिन घुमत होतं, चाक तसूभर हलत नव्हतं. परशरामने दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले.

"मने, माझा पाय न्हाय गं त्यो!"

त्याने मला बंद केलं. तिघंही खाली उतरली. चंद्राबाई माझ्या पुढच्या चाकाशी बसली.

"माग कुरकुरला तर काय करतोस रं?"

"तेल घालतो."

"मग हिला अंगारा का लावतोस? आपलं माग सावकाराचं हुतं, तवाबी तेल आपणच घालत हुतो. माग त्येचा, पर त्यावर बसणारं माणूस आपलं हुतं न्हवं? आज हिच्यात कोण बसलंय, बघ की जरा!"

परशरामने मनिषाकडे पाहिलं आणि खिशातून फोन काढला.

मारुतीराव सामान घेऊन आले. चाक काढून त्यांनी जीभ चावली. "पॅड पोस्टकार्डाच्या जाडीएवढं उरलंय. ह्यो घाट उतरला असतासा तर..." ते जोर लावून पॅड ओढू लागले आणि वैतागले. "पेडल सोडा की! वरनं कोण दाबून बसलंय?"

तिघंही रस्त्यावर उभी होती. आत कोणी नव्हतं.

परशराम उघड्या दाराशी गेला. त्याने हात जोडले. "भावकूअण्णा, चुकलं माझं. करतोय नीट. सोडा आता."

पेडल हळूहळू वर आलं.

त्यानंतर माझी सर्व्हिसिंग कधी चुकली नाही. वहीच्या पहिल्या पानावर परशरामने स्वतःच्या हाताने लिहिलं, 'भावकू, संकेश्वर.' पण येत्या चैत्रात करार संपतो. कंपनी मला नेईल, रंगवेल आणि पुन्हा कोरी वही ठेवेल. म्हणून तुम्हांला सांगून ठेवते.

उद्या मी तुमच्याही दारात उभी असेन. मी कोणाची, ते शोधत बसू नका. माझ्यात कोण बसतं, तेवढं बघा. मी किंचाळले तर नारळाआधी चाक काढा. आणि एखाद्या उतारावर तुमच्या पायाआधी पेडल खाली गेलं, तर घाबरू नका. ज्याला स्वतःला थांबता आलं नाही, तो तुम्हांला थांबवतोय.