तिकडचे टॉवेल

घरात माणसं तीन आणि टॉवेल पेटीभर. नवख्या माणसाला वाटलं असतं, ही म्हातारी लॉज काढायच्या तयारीत आहे. पण ते टॉवेल वापरायचे नव्हतेच. आई दर महिन्याला एक विकत आणायची, कोपऱ्यातल्या लेबलावर अंगठा फिरवायची आणि घडी पेटीत ठेवून द्यायची. लेबलावर दोन पानांची खूण होती आणि खाली ज्या देशात टॉवेल विणला त्याचं नाव. त्या देशात, त्या दोन पानांच्या कारखान्यात तिचा धाकटा मागावर कामाला गेला होता. गल्लीतल्या इस्त्रीवाल्याचा मुलगाही त्याच्याच जोडीने गेला होता.

हे टॉवेल आणणं सुरू झालं ते कारखान्याला आग लागल्यावर. पोरांना तिकडे पाठवणाऱ्या एजंटाने फोनवर आग लागली एवढंच सांगितलं आणि पुढे फोन उचलणंच बंद केलं. कोण गेलं, कोण वाचलं, कुणालाच कळेना. धाकट्याचा फोन लागेना. आईने अन्न सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडायची आणि पाण्याचा पेला पुढे केला तरी हाताने सारायची.

अशातच इस्त्रीवाल्याची बायको तिला जबरदस्तीने बाजारात घेऊन गेली. दोघी परत आल्या त्या एकेक टॉवेल छातीशी धरून.

"हे बघ," आई थोरल्या मुलीला म्हणाली, "कारखाना जळून गेला असता तर हा कुठून आला असता? माग चालू आहेत. पोरं कामात असतील."

एवढं बोलून तिने ताट मागितलं आणि पोटभर जेवली. थोरलीने कौतुकाने टॉवेल हातात घेतला आणि कोपरा उलटून पाहिला. लेबलाच्या टोकाला टाका दुहेरी होता. शिवण संपली की मशीन उलटी चालवून टाका पक्का करायची तिची सवय होती. गोदामातल्या बाकीच्या बायका एवढी मेहनत घेत नसत. हे लेबल तिनेच शिवलं होतं.

ती ज्या गोदामात काम करायची तिथे पूर्वी खरंच तिकडचा माल यायचा. आगीनंतर तो थांबला, पण मालक थांबणाऱ्यातला नव्हता. शहराबाहेरच्या शेडमधून कोरे टॉवेल यायचे आणि दोन पानांची लेबलं तो इथेच छापून थोरलीकडून शिवून घ्यायचा. तिकडचा म्हटलं की गिऱ्हाईक मागेल ती किंमत देतं. आता काही लोकांनी आगीची बातमी वाचून तिकडचा माल सोडला होता. माणसं जिथे कोंडून जाळली तिथला टॉवेल आम्ही अंगाला लावणार नाही, असं ते दुकानात ठणकावून सांगायचे, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांच्यासाठी मालकाने लेबलांचा दुसरा खोका ठेवला होता, इकडचा. गठ्ठा एकच, सकाळी इकडचा व्हायचा, दुपारी तिकडचा.

"ज्याची जशी श्रद्धा," मालक म्हणायचा. "आपण कशाला कुणाचं मन मोडायचं?"

असल्या माणसाच्या तोंडी श्रद्धा हा शब्द ऐकून थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण घर तिच्या पगारावर चालायचं, आणि आई जेवत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला बजावून ती गप्प राहिली. दर महिन्याला आई तिचंच काम विकत आणायची आणि तिलाच दाखवायची.

झळ बसली ती भावजयीला, धाकट्याच्या बायकोला. ती बेकरीत पाव भरायला जायची. वय काही फार नव्हतं. तिथला गाडीवाला बायको वारलेला, सरळ माणूस. त्याने तिला लग्नाचं विचारलं होतं. किती दिवस थांबू, असंही आता विचारायला लागला होता. ती सासूपाशी विषय काढायची आणि सासू पेटी उघडायची. पोरीची गत धड ना इकडची, धड ना तिकडची.

"ताई, तुम्हाला काय वाटतं?" एकदा तिने थोरलीला विचारलं होतं. "ते असतील?"

"मला काय कळतंय," थोरली म्हणाली होती, आणि त्या उत्तराची तिला नंतर कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

त्या संध्याकाळी आई नवा टॉवेल घेऊन आली आणि तिने तो थेट सुनेच्या हातात दिला. "बघ, ताजा माल आहे. त्याला कामातून फुरसत नाही, एवढंच."

भावजयीने टॉवेलाची घडी मोडली, पुन्हा घातली. "बरं आई," ती म्हणाली. "मी गाडीवाल्याला उद्या नाही म्हणून सांगते."

रडली नाही, कुरकुरली नाही. ते थोरलीला बघवेना. तिने पिशवीत हात घातला आणि कामावरून चुकून आलेली लेबलांची गुंडाळी आईपुढे ठेवली.

"आई, हे मी शिवते. टॉवेल इथलेच आहेत. तिकडून आगीनंतर काही आलेलं नाही."

आई गुंडाळीकडे बघत राहिली. "सगळे?"

"टाका बघ. टोकाला दुहेरी असेल तो माझा."

आईने पेटी ओढली आणि एकेक टॉवेल काढून कोपरा चाचपायला सुरुवात केली. दुहेरी, दुहेरी, दुहेरी. कुणी मदतीला पुढे झालं नाही. अगदी तळाशी धाकट्याने पहिल्या वर्षी कुणाबरोबर तरी पाठवलेला टॉवेल होता. त्याचा टाका एकेरी होता. तो तिने मांडीवर घेतला.

"हा एकच," ती म्हणाली. मग त्याची घडी नीट करून सुनेला म्हणाली, "तू त्याला हो सांग. इथे वाट बघण्यासारखं काही नाही राहिलं."

तेव्हा कुठे भावजय रडली. थोरलीला वाटलं होतं, खरं बोलल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. आईने ताटाला हात लावला नाही.

सकाळी थोरली कामाला निघाली तेवढ्यात दारात इस्त्रीवाल्याची बायको आली. "येताय ना?" तिने आत बघत हाक दिली. "माझा कालचा राहिला घ्यायचा. दुकानात गठ्ठा आलाय म्हणे. आपली पोरं जोरात कामाला लागलेली दिसतात."

थोरलीने बोलायला तोंड उघडलं. आईने मागून तिचं मनगट धरलं, असं घट्ट की बांगडी रुतली.

"आले हो, पिशवी घेते," आई बाहेर ओरडली आणि मग आवाज खाली आणून थोरलीला म्हणाली, "तिला सून नाही. तिला सांगून कुणाची सुटका होणार आहे?"

थोरलीने पायात चपला सरकवल्या.

"आणि तो उलटा टाका घालत जाऊ नकोस. ओळखू येतो."

दोघी बायका गल्लीतून बाजाराकडे निघाल्या. इस्त्रीवाल्याची बायको हातवारे करून बोलत होती आणि आई मान हलवत होती. थोरली गोदामात गेली आणि दिवसभर एकेरी टाक्याने दोन पानं शिवत बसली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आईने आणलेला टॉवेल पेटीत गेला नव्हता. तो न्हाणीच्या खुंटीवर होता आणि ओला होता.