तालमीतला पाणचष्मा

मी एक जुना, एका डोळ्यानं आंधळा पाणचष्मा आहे. मित्रांनो, जन्म समुद्रासाठी झाला, पण मुक्काम कोल्हापुरातल्या एका तालमीत. शेजारी गदा, खाली तांबडी माती, आणि मी खिळ्याला.

कारखान्यातून मी थेट मालवणला बाबल पाणबुड्याकडे गेलो. तो पाहुण्यांना होडीतून प्रवाळ दाखवायला न्यायचा. तोंडात हवेची नळी, डोळ्यांवर मी, आणि पालथं तरंगायचं. शेकडो लोकांनी माझ्यातून निळे-पिवळे मासे पाहिले. बाबल मला रोज गोड्या पाण्यानं धुवायचा. ते माझे सुखाचे दिवस होते.

दोन हजार सातच्या डिसेंबरात गगनबावड्याचा घाट उतरून हंबीरराव आले. तालमीचे वस्ताद, खांदे दाराएवढे, मिशी कानाला टेकायला निघालेली. सोबत अकरा वर्षांची लेक अवनी.

बाबल म्हणाला, “दादा, मिशी काढूक व्हयी. नायतर पाणी आत येतला.”

“पावणं, ही तीन पिढ्यांची मिशी हाय,” हंबीरराव म्हणाले. “चष्मा बसत न्हाय तर बशीवतो की.”

त्यांनी माझा पट्टा असा आवळला की माझं रबर कळवळलं. धरायला तरंगता टायर दिला, तोही नको म्हणून अवनीकडे ढकलला. कळंब्याच्या तळ्यात पोहलेला माणूस टायर कसला धरतो! मला तेव्हाच राग आला होता, पण चष्म्याला विचारतो कोण.

दोन मिनिटं बरी गेली. मग मिशीच्या केसांतून पाणी शिरलं आणि नाकात गेलं. मान वर काढायची सोडून वस्ताद हातपाय झाडू लागले. त्यांना वर उचलायला बाबलनं मागून कमरेला मिठी घातली. पण उभा जन्म मातीत काढलेल्या माणसाला कमरेच्या पकडीचा एकच अर्थ कळतो. ते गर्रकन वळले, बाबलची मान एका हातासकट काखेत धरली आणि दाबली.

मित्रांनो, मी ते अगदी जवळून पाहिलं. बाबलच्या तोंडातली नळी निघाली. त्याचं कोपर माझ्या डाव्या काचेवर बसलं आणि ती तडकली. टाचांखाली प्रवाळाच्या फांद्या मोडल्या. त्या फांद्यांनी दोघांच्या पोटऱ्या फाडल्या आणि पाणी लाल झालं. बाबलची नखं वस्तादांच्या दंडात रुतली होती, ती हळूहळू सैल पडली. वस्तादांचं डोकं पाण्याबाहेर होतं, बाबलचं नव्हतं.

टायरवरून अवनी ओरडली, “आबा, पाठ लागली. सोडा त्येला.”

पाठ मातीला लागली की कुस्ती संपली, मग वैऱ्यालाही सोडायचं, हे त्यांनीच सगळ्या पोरांना शिकवलेलं. हात आपोआप सुटला.

बाबल वाचला, पण खांदा निखळल्यानं सहा महिने पाण्यात उतरला नाही. दुसऱ्या दिवशी हंबीरराव त्याच्या घरी गेले ते मिशी सफाचट करून. पाया पडायला वाकले. बाबलनं मला पुढं केलं. “ह्यो घेवन जावा. आठवण रवांदे.”

तेव्हापासून मी इथं आहे. वस्तादांनी मिशी पुन्हा वाढवली नाही. नवा पैलवान आला की वस्ताद आधी माझ्याकडे बोट करतात. “मागनं धरणारा दर येळी पाडायलाच आलेला नसतोय,” म्हणतात.

माझ्यावर धूळ बसते, कुणी पुसत नाही, त्याचं वाईट वाटतं. पण मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. कुणी घट्ट धरलं, तर त्याचा गळा आवळण्याआधी तो पाडतोय की उचलतोय एवढं पाहा. त्या दिवशी अवनीला दोन श्वास उशीर झाला असता, तर मी तालमीत नव्हे, पोलिसांच्या मुद्देमालात पडून असतो.