अंगणातली साल

"खल फोडायचाय की साल कुटायचीय, ते एकदा ठरवा," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण पुटपुटली. "माझा खांदा कामातून गेला. आणि तिकडे जंतू बघा, खाऊनपिऊन सुखी."

वैद्यांच्या लेकीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ती सूक्ष्मदर्शकातून बघत होती. काचेवर रक्ताच्या पेशी पसरलेल्या होत्या आणि त्यांच्या पोटात मलेरियाचे जंतू, बारीक जांभळ्या अंगठ्यांसारखे. त्यांना तिच्या बाबांचा काढा पाजून झाला होता. कुणाचं काहीही बिघडलं नव्हतं.

बाबा अंगणातल्या झाडाची साल उकळून हिवतापाचा काढा देत. लोक लांबून येत आणि बरे होऊन जात. या प्रयोगशाळेत जुनी झाडपाल्याची औषधं तपासायचं काम निघालं, तेव्हा लेकीनं घरातली एक भरलेली बाटली उचलून आणली. बाटलीनं कमाल केली. बशीतला एकही जंतू उरला नाही. कौतुकाच्या बाबतीत हात आखडता घेणाऱ्या, प्रयोगशाळा चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी चक्क सगळ्यांना चहा पाजला. लेकीच्या पोटात ते राहीना, तिनं घरी सांगून टाकलं. झालं. तेव्हापासून बाबा येईल त्याला ऐकवत, "काचेखाली पास झालंय माझं औषध. दवाखान्याच्या पायऱ्या कशाला झिजवता?"

पण प्रयोगशाळेची रीत अशी, की बाहेरून आलेल्या बाटलीवर विसंबायचं नाही. औषध आपल्या हातानं, आपल्या डोळ्यांसमोर करायचं. त्यांनी त्याच झाडाची साल आणून उकळली. जंतू मजेत. मग खुद्द बाबांना बोलावलं. ते इस्त्रीचा सदरा घालून आले, शेगडीला नाक मुरडलं आणि काढा उकळून, चाखून, गाळून दिला. आज काचेखाली होता तो हाच.

"भांडं वेगळं पडलं ना," मोठ्या बाई म्हणाल्या.

"पाण्याचाही फरक असतो," मैत्रीण म्हणाली.

सगळ्या शिकलेल्या होत्या, आणि सगळ्यांना वडील होते.

लेकीनं मग एक पांढरी पट्टी घेतली. तिच्या खालच्या कडेला औषधाचे ठिपके द्यायचे आणि ती द्रवात उभी करायची. द्रव वर चढतो, आणि प्रत्येक पदार्थ आपापल्या उंचीला थांबतो. एक ठिपका घरच्या बाटलीतला, दुसरा बाबांनी इथे केलेल्या काढ्याचा. तिसरा तिनं कुणाला न सांगता दिला. मलेरियाची गोळी विरघळवून. तिची आई दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसायची. यापुढचा विचार लेकीनं केला नव्हता, फक्त ठिपका दिला होता.

अतिनील दिव्याखाली पट्टी धरली. घरची बाटली आणि गोळी एकाच उंचीवर निळ्या चमकल्या. मधला ठिपका आपला काळाच.

मैत्रीण मागून बघत होती. "दिवा जुना झालाय," ती म्हणाली.

"हो ना," लेक म्हणाली. "बदलायला हवा."

ती लवकर घरी गेली. ओसरीवर गल्लीतला शिंपी बसला होता. त्याची पोरगी परवापासून तापानं थडथडत होती. आत बाबा शेगडीपुढे ठाण मांडून बसले होते, आणि आई त्यांच्या मागे येरझाऱ्या घालत होती. तिची उजवी मूठ बंद होती.

"तुम्ही बाहेर बसा बरं. मी गाळून देते, नेहमीसारखं."

"आज नको. प्रयोगशाळेत कसं, ज्याचं औषध त्याच्या हातचं."

"माझ्या हाताला काय काटे आलेत?"

"वैद्यबुवा," शिंप्यानं बाहेरून विचारलं, "दवाखान्यात दाखवू का एकदा? बायको मागे लागलीय."

"कशाला?"

"दाखवू देत की बाबा," लेक म्हणाली. "काढा काय, नंतरही घेता येईल."

"तूच सांगितलंस ना, सगळे जंतू मेले म्हणून?"

लेकीनं आईकडे पाहिलं, आईनं शेगडीकडे.

"रक्त तरी तपासू दे त्याला," आई म्हणाली. "तेवढ्यानं तुमचं काय जातंय?"

बाबांनी चमचाभर काढा फुंकून तोंडात घेतला. बराच वेळ गिळला नाही.

"माझ्या हातचा तेवढा कडू होत नाही," ते म्हणाले. "तुझ्या हातचा होतो."

"वयानं जीभ गेली तुमची."

"जीभ शाबूत आहे माझी. परवा तिथेही चाखला होता." त्यांनी तिच्या मुठीकडे पाहिलं. 'मूठ उघड' असं म्हणाले नाहीत. "मला वाटायचं, साल जास्त टाकतेस. असंच वाटून घ्यायचो."

बाबांनी शेगडी बंद केली, गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि ओसरीवर गेले. शिंप्यानं बाटलीसाठी हात पुढे केला.

"पोरीला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने," बाबा त्याला म्हणाले. "माझ्या काढ्यानं हिवताप जात नाही."