कॅमेऱ्याकडे बघणारी बाई

आमच्या वृद्धाश्रमात टीव्ही एकच आणि त्याचा रिमोट क्लिफर्ड सग्डनच्या मुठीत. क्लिफर्डनं जन्मभर हॅलिफॅक्स शहरातल्या बसमध्ये तिकिटं तपासली. अजूनही आम्ही विनातिकीट चढल्यासारखं तो आमच्याकडे बघतो. रोज दुपारी जेवणं झाली की उभा राहून रीतसर विचारतो, कुणाला दुसरं काही बघायचंय का? आम्ही सगळे एका सुरात सांगतो, छे छे, तुमचं चालू द्या. मग तो घोड्यांच्या शर्यती लावतो आणि आम्ही दुपारभर मनातल्या मनात धुसफुसतो.

आम्ही माणसंच अशी. बशीतलं शेवटचं बिस्किट आमच्यात कुणी उचलत नाही; ते तिथंच मऊ पडतं. मी, आयडा, त्यातल्या त्यात तोंडाळ. उभी हयात मासे तळून विकले, गिऱ्हाइकाशी लाजून कसं चाललं असतं? पण रिमोटच्या बाबतीत मीही मूग गिळून बसायची.

मग खुबा मोडून एनिड पिकर्सगिल आमच्यात आली. बोलायला इतकी मऊ की मीठ मागायचं तर आधी माफी मागेल. एकदा वर्तमानपत्र चाळता चाळता म्हणाली, गुरुवारी दुपारी एक जुना सिनेमा आहे. गिरणीचा मालक चहाची सुट्टी बंद करतो, तर बाया माग थांबवून बाहेर पडतात. आमच्या गावच्याच गिरणीत काढला होता.

माझा तसल्या जुन्या सिनेमांवर फार जीव. पावसाळी कोट घातलेले ते कृष्णधवल पुरुष हवापाण्याबद्दल बोलता बोलता लग्नाचं विचारून मोकळे होतात. बायकांचे दात आपल्यासारखेच वाकडे. रडू आलं की खिडकीकडे तोंड करायचं, आणि जगबुडी आली तरी आधी किटली चढवायची. आताच्या सिनेमात सगळे नुसते ओरडत असतात.

"मग बघायचा का?" मी विचारलं.

"मला काय गं, नाही बघितला तरी चालेल."

आमच्यात याचा अर्थ असा की त्यासाठी जीव तुटतोय. मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा सांगितलं तिनं. सिनेमावाल्यांनी मोर्च्यासाठी गिरणीतल्या खऱ्या बायका घेतल्या होत्या, त्यात तिची आई होती. पुढच्याच हिवाळ्यात न्यूमोनियानं गेली. एनिड तेव्हा सहा वर्षांची. घरात आईचे फोटो आहेत, पण सगळ्यांत ती काठी गिळल्यासारखी उभी. चालताना, हसताना ती फक्त त्या सिनेमात दिसते. एनिडकडे त्याची टेप होती, पण घर आवरताना मुलानं ती जुन्या सामानाबरोबर देऊन टाकली. आणि हा सिनेमा टीव्हीवर लागतो कधीतरी, वर्षावर्षांनी.

"पुढच्या वेळी मी असेन की नाही, कुणी सांगावं," ती म्हणाली. लगेच माझा हात धरला. "पण कुणाला सांगू नकोस हं. उगीच माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा."

गुरुवार आला. क्लिफर्ड उभा राहिला आणि त्यानं विचारलं. आम्ही म्हणालो, छे छे. एनिडही म्हणाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"एनिडला सिनेमा बघायचाय," मी म्हणाले.

एनिडचा चेहरा लालभडक झाला. नाही हो, मी आपलं सहज बोलले होते, असं काहीसं पुटपुटली. आता समोरचा माणूस नाही म्हणत असताना त्याला खोटं पाडणं आमच्यात बसत नाही. क्लिफर्डनं माझ्याकडे एक नजर टाकली आणि घोडे लावले.

एनिड उठली. वॉकर सरकवत, टीव्हीच्या आड येऊ नये म्हणून भिंतीकडेनं लांबचा वळसा घालून निघाली. तिची ती पाठ बघून मला तिचा राग आला आणि तिच्यासाठी रडूही आलं. दाराशी पोचल्यावर ती थांबली. वळली.

"क्लिफर्ड, मला माझी आई बघायची आहे."

मग मी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. क्लिफर्डनं चॅनल बदललं आणि उठून स्वतःची खुर्ची, जिच्यावर आजवर कुणी टेकलंसुद्धा नव्हतं, एनिडसाठी पुढे ओढली.

सिनेमा चालू झालेला होता. आम्ही हसलो, मालकाला शिव्या घातल्या. पडद्यावरच्या बाया ॲप्रन सोडायला लागल्या तशी एनिड पुढे सरकली, आणि नेमकी तेव्हाच इथं कामाला असलेली पॉलीन चहाची गाडी ढकलत आत आली. गाडी रोज टीव्हीसमोर लावायची, ही आमच्या पॉलीनची रीत. क्लिफर्डनं बस थांबवावी तसा हात वर केला. पॉलीन दारातच उभी राहिली. चहाला उशीर झालेला मी इथं पहिल्यांदाच पाहिला, आणि कुणी कुरकुरलं नाही.

गिरणीचं फाटक उघडलं. बाया हातात हात घालून बाहेर आल्या, सगळ्यांच्या नजरा समोर रस्त्यावर. कडेला डोक्याला रुमाल बांधलेली एक तरुण बाई होती. तिनं चालता चालता मान वळवली, थेट आमच्याकडे बघितलं आणि खुदकन हसली. मग मोर्चा पुढे गेला. तेवढंच.

"ती एकटीच कॅमेऱ्याकडे बघत होती," क्लिफर्ड म्हणाला. जन्माची खोड, चूक दिसली की राहवत नाही. "त्यांनी बजावलं असणार की बघू नका म्हणून."

"बजावलं होतं," एनिड म्हणाली. तिचे डोळे अजून पडद्यावरच होते. "पण ती कॅमेऱ्याकडे नव्हती बघत. त्याच्या शेजारी मी उभी होते."

पॉलीननं गाडी आत आणली. कप वाटून झाल्यावर क्लिफर्डनं नेहमीसारखं, पण जरा हळू आवाजात विचारलं, आता घोडे लावू का? आम्ही सगळ्यांनी छे छे म्हणायला तोंडं उघडली.

"नको," एनिड म्हणाली. "मला शेवटपर्यंत बघायचाय."

आणि तिनं बशीतलं शेवटचं बिस्किट उचललं.