कडूबा तात्यांची हरवलेली स्टेपनी

मी स्टेपनी बोलतेय. पिकअपच्या मागं वाकून पाहिलंत, तर खाली साखळीला आडवी टांगलेली दिसायचे, ती मी. गाडीचं पाचवं चाक. पण मला चाक म्हणून कुणी धरतच नव्हतं, आणि सगळं बिनसलं ते त्यामुळंच.

माझे मालक कडूबा तात्या फुलंब्रीचे. पाऊस न पडल्याचं ते सलग दुसरं वर्ष. रानात काही उभं नव्हतं, विहिरीला मात्र थोडं पाणी होतं. तिकडं शहरालगत हर्सूलच्या बाजूला नव्या कॉलन्या उभ्या राहत होत्या. घरांना ताजा रंग होता, नळाला पाणी नव्हतं. तात्यांनी पिकअपवर टाकी चढवली आणि खेपा सुरू केल्या. गाडीवर ड्रायव्हर गावातलाच अजिनाथ होता. चाऱ्यावाचून त्याच्या घरची मेंढरं विकली गेली होती. घर आता याच नोकरीवर चालत होतं.

तात्या वाईट नव्हते, पण भारी संशयी. टाकीत काठी घालून पाणी बघायचे, डिझेलच्या टाकीचं झाकण हुंगायचे. मी कोरी करकरीत म्हणून माझ्या जमिनीकडच्या बाजूवर त्यांनी पांढऱ्या ऑइलपेंटनं आपलं नाव घातलं. रोज सकाळी वाकून ते बघायचे, बोटानं धूळ पुसायचे. हवा कधी बघितली नाही. उन्हाच्या झळांनी माझं रबर ताठरत होतं आणि हवा हळूहळू बसत होती.

तात्या सिल्लोडला लग्नाला गेले, त्या दिवशी अजिनाथनं गाडी पुंजारामच्या टायरच्या दुकानात नेली. पुंजारामनं मला दाबून पाहिलं.

"ही काय शोभेला ठेवली व्हय? पडून पडून वाळंल. बाकीची चार झिजून चाललीत. पाचही आलटून-पालटून फिरवून घे."

त्यानं हवा भरून मला मागं डाव्या बाजूला बसवलं आणि तिथलं जुनं चाक माझ्या जागी टांगलं. आयुष्यात पहिल्यांदा मी रस्त्याला लागले.

संध्याकाळी अजिनाथनं सांगितलं, "तात्या, चाकं फिरवून आणली."

"बरं केलं," तात्या म्हणाले. चाकं म्हणजे चार, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं.

सकाळी नेहमीसारखे वाकले, तर खाली झिजलेलं चाक, नावाचा पत्ता नाही. माणूस उठून उभाच राहिला.

"अजिनाथ, स्टेपनी कुठं इकली?"

"इकली कशाला, तात्या? मागं डावीकडं बसवलीय."

दोघंही माझ्यापुढं उकिडवे बसले. अजिनाथनं फडक्यानं मला पुसलं. नाव नव्हतं. कसं असणार? टांगलेली असताना जी बाजू जमिनीकडं होती, तीच बसवल्यावर गाडीच्या आत गेली होती. हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

"नाव कुठाय माझं?" तात्यांनी विचारलं.

अजिनाथचाही चेहरा उतरला. "मग पुंजारामनंच बदलली असंल," तो पुटपुटला.

"त्यानं बदलली आन् तू बघत बसला? दोघं मिळूनच केलं म्हण की."

तात्यांच्या पत्नी आशाबाई दारातून म्हणाल्या, "अहो, लहानपणापासून बघतोय आपण अजिनाथला."

"म्हणूनच कुणी जाब इचारत नाय त्याला," तात्या म्हणाले.

अजिनाथनं किल्ली बॉनेटवर ठेवली आणि निघून गेला. तिथून तो थेट पुंजारामच्या दुकानात गेला आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला चोर म्हणाला. संशय असा एकाकडून दुसऱ्याकडं गेला, आणि मी बसल्या जागी सगळ्यांना दिसत होते.

मग तात्या स्वतः गाडी चालवू लागले. काही दिवसांनी एका नव्या बांधकामाजवळ खिळा माझ्यात घुसला. भर उन्हात त्यांनी जॅक लावला, मला ओढून काढलं आणि आतली बाजू वर करून धुळीत आडवं टाकलं. पुसायचीही गरज पडली नाही. 'कडूबा'. तात्या तिथंच खाली बसले.

टांगलेल्या झिजक्या चाकातली हवा तोवर बसली होती. तीही कुणी बघितली नव्हती. शेवटी त्यांनी फोन लावला.

"अजिनाथ, स्टेपनी सापडली."

"कुठं?"

"गाडीलाच होती."

मग अजिनाथ म्हणाला, "येतो. पण आधी पुंजारामकडं जायचं. माझं तोंड लई वाईट सुटलंय त्याच्यावर."

अजिनाथनं मला स्वतः ढकलत दुकानापर्यंत नेलं. तात्या मागून चालत होते. दुकानात गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोरच तात्या म्हणाले, "पुंजाराम, चोरी झालीच नव्हती. मला बघता आलं नाय."

पुंजारामनं मान वर केली नाही. "ठेवा आडवं," एवढंच म्हणाला.

आता मी पाचही जागा फिरले आहे. माझ्या नक्षीच्या रेघा पुसट झाल्यात. तुमच्या गाडीखाली माझी एखादी बहीण टांगलेली असेल, तर तिची हवा बघत जा. चाकं फिरवाल तेव्हा तिलाही चाकांत मोजा.

अजिनाथ परत गाडीवर आलाय. पूर्वी तो घरात जाऊन किल्ली खुंटीला अडकवायचा, आशाबाईंच्या हातचा चहा घ्यायचा. आता किल्ली दारातूनच देतो आणि वळतो. मी झिजून जाईन, त्याचं दुःख नाही, टायरचा जन्मच त्यासाठी. त्याआधी त्यानं एकदा तो उंबरा ओलांडावा, एवढंच मला बघायचंय.