दिवसाची झोप

पाव भाजणाऱ्याशी लग्न करताना तिला कुणी सांगितलं नव्हतं, की नवऱ्याबरोबर त्याची झोपही सांभाळावी लागते. सगळ्यांना पाव सकाळी ताजा लागतो, म्हणजे कुणीतरी रात्रभर भट्टीपुढे उभं राहायला हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे हिचा नवरा. जेवण झालं की सायकलवर टांग टाकायची, उजाडल्यावर भुवयांवर पीठ घेऊन परत यायचं, दोन घास पोटात ढकलायचे आणि आडवं व्हायचं. बरं, झोप तरी गाढ असावी. कुंभकर्ण पदरात पडला असता तर तिने आनंदाने त्याचं घोरणं ऐकलं असतं. पण याची झोप अशी, की बाहेरच्या खोलीत कुणी जांभई दिली तरी आत हा कूस बदलणार.

धाकटी मुलगी मुंगी रांगत होती तेव्हाची गोष्ट. लागोपाठ काही दिवस त्याची झोप झाली नव्हती, आणि कणीक मळायच्या यंत्रासमोर उभ्याउभ्याच त्याचा डोळा लागला. बाही आत गेली. बाहीच गेली हे नशीब, हात वाचला, नुसती नखं काळीनिळी झाली. मालक तसा भला माणूस. तो म्हणाला, "घरून झोपून येत जा रे बाबा. झोप झाली नसेल त्या दिवशी येऊच नको. मला तुझा हात पिठात नको." तेव्हापासून त्याची झोप म्हणजे घरातलं पाचवं माणूस होऊन बसली, आणि तेही रुसकं, सतत मान मागणारं. तो हात तिच्या डोळ्यांसमोरून कधी हललाच नाही.

तिने घराचा आवाज एकेक करून काढून घेतला. दारावरची घंटा काढली. खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे घातले. नळाच्या तोंडाला फडकं बांधलं, म्हणजे पाणी बादलीत पडताना वाजू नये. शिवणयंत्र माळ्यावर गेलं आणि ती हातशिवणीची कामं घेऊ लागली, वरच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंकडून. बटणं, हूक, झग्यांचे घेर. सुईला तोंड नसतं, त्यामुळे ते काम घरात चाललं.

राहिली पोरं. थोरला जन्मला तेव्हा त्याच्या रडण्याने सुईणीने कान झाकून घेतले होते, म्हणून त्याचं नाव पडलं भोंगा. धाकटी आली ती चळवळी, सगळीकडे शिरणारी, पण हूं की चूं नाही, म्हणून मुंगी. आता भोंगा सात वर्षांचा आणि मुंगी चार. भोंग्याला गप्प करता करता तिच्या नाकी नऊ आले होते. त्याला हसू फुटलं की तो स्वतःचंच मनगट दातात धरायचा. मुंगीला मात्र काही शिकवावं लागलं नाही. ती याच घरात बोलायला शिकली, आणि या घरात जसं बोलतात तसंच शिकली. दोघांची भांडणं बघण्यासारखी असत. चिमटे, लाथा, केस ओढणं, सगळं यथासांग, आणि आवाज म्हणाल तर फक्त श्वासांचा. फाशाखाली टॉवेलची घडी घालून खेळायचे. रडायचं असेल तर उशीत तोंड खुपसून रडायचे. शिंपीणकाकू एकदा दारात उभ्या राहून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, तुझ्या घरात पोरं आहेत की मांजरं?" ती हसली. बालवर्गाच्या बाई तर म्हणाल्या होत्या, "तुमच्या मुलीचा काही त्रासच नाही हो. वर्गात आहे की नाही तेही कळत नाही." ते ऐकून तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. इतकी वर्षं मर मर मरून कुणीतरी शाबास म्हटलं होतं.

उन्हाळा नुकताच लागला आणि शाळा सुटल्या. इथूनच तिचे हाल सुरू झाले. शाळा होती तोवर निदान अर्धा दिवस घर रिकामं असायचं. आता दोन्ही पोरं उठल्यापासून पायात. खिडकी लावली तर आतल्या खोलीची भट्टी होते, आणि रात्रभर भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला दिवसाही भट्टीतच कसं झोपवायचं? उघडली तर रस्त्यावरची पोरं, भंगारवाला, समोरच्याचा रेडिओ, सगळे आत. तीन दिवस झाले, त्याची धड झोप नव्हती. डोळे लाल होऊन बसले होते. सकाळी चहाचा कप तोंडाला लावून तो तसाच थांबला, तेव्हा तिने कप हळूच काढून घेतला.

"आज झोपा बरं का," ती म्हणाली.

"झोपतो," तो म्हणाला. "तू नको धास्ती घेऊ."

धास्ती घेऊ नको म्हणे. मग घ्यायची कुणी?

दुपारी तो झोपला. खरंच झोपला. दाराच्या फटीतून तिने पाहिलं, तोंड उघडं, हात पलंगावरून खाली लोंबत. तिला इतकं हायसं वाटलं, की तिचेही डोळे मिटायला लागले. तेवढ्यात शिंपीणकाकूंनी वरून दोरीला बांधून चिठ्ठी सोडली. दोघींची ही नेहमीची रीत, कारण हाक मारायची सोय नव्हती. झगे तयार आहेत, घेऊन जा, एवढंच लिहिलं होतं. तिने भोंग्याच्या कानात सांगितलं, "मुंगीकडे बघ. मी आलेच." त्याने मान डोलावली. रस्त्यावर पोरांचा चेंडूचा डाव रंगात आला होता आणि भोंगा खिडकीच्या गजांना चिकटून बसला होता. मान डोलावली खरी, पण ती मान चेंडूच्या मागे डोलत होती हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. दमलेल्या माणसाच्या काय काय लक्षात येणार?

काकूंनी एका झग्याचा घेर समजावला, मग दुसऱ्याचा. ती गठ्ठा घेऊन खाली आली तर दार उघडं, भोंगा खिडकीत, आणि मुंगी नाही.

"कुठंय ती?" तिने ओठांनीच विचारलं.

भोंग्याने इकडेतिकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

स्वयंपाकघर. मोरी. पडद्यामागे. कपड्यांच्या ढिगात. ती चवड्यांवर चालत आत गेली, नवऱ्याच्या लोंबत्या हाताखालून पलंगाखाली वाकून पाहिलं. ट्रंक आणि चपला. गच्चीला कुलूप होतं. जिना उतरताना ती प्रत्येक वळणावर हाक मारत होती, "मुंगे, अगं मुंगे." रस्त्यावर ऊन नुसतं ओतत होतं. पाण्याचा टँकर मागे घेत होते, आणि ती धावत जाऊन वाकली. चाकांखाली काही नव्हतं. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाली. चेंडू खेळणाऱ्या पोरांना विचारलं. त्यांनी "काय?" म्हटलं आणि पुन्हा खेळायला लागले.

कोपऱ्यावर किल्ल्या करणारा बसायचा. तिने त्याची टपरी दोन्ही हातांनी धरली. "माझी मुलगी पाहिली का? एवढीशी. निळा फ्रॉक."

त्याने कानस खाली ठेवली, पुढे वाकला. "काय म्हणताय ताई? जरा मोठ्याने बोला की. घसा बसलाय का?"

तेव्हा तिला कळलं. तिची पोर हरवली होती, ती भर रस्त्यात उभी होती, आणि ती कुजबुजत होती. घरापासून इथवर तिने मारलेली एकही हाक कुणाला ऐकू गेली नव्हती. तिने तोंड उघडलं. आधी नुसती हवा आली. मग घशात काहीतरी खरवडल्यासारखं झालं आणि आवाज फुटला, फाटका, चिरका, तिचा तिलाच ओळखू येईना असा. "मुंगे!" पोरांचा चेंडू तसाच घरंगळत गेला. समोरच्याने रेडिओ बंद केला. ती ओरडतच राहिली.

नवरा अनवाणी खाली आला. अंगात बनियन, गालावर उशीचे वळ. मागून भोंगा रडत येत होता, तोंडावर हात दाबून. लोक जमले. शिंपीणकाकूंचे यजमान, ज्यांना सगळे गवंडीकाका म्हणत, तेही आले.

"केव्हापासून?" नवऱ्याने विचारलं.

"मी वर गेले होते. आत्ता. नाही, बराच वेळ झाला."

"मी सायकलवरून चक्कर मारतो. तू इथेच थांब." तो जिन्याखालच्या कोठीकडे धावला. इमारतीतल्या सगळ्यांच्या सायकली आणि भंगार तिथे असायचं. त्याने कडी काढली, दार ओढलं, आणि तसाच उभा राहिला.

मुंगी आत होती. सायकलच्या चाकाला टेकून बसलेली. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, ओठ कोरडे पडलेले. फरशी गार म्हणून ती तिथे जाऊन पडली असणार. त्याने तिला उचललं तर फ्रॉक पिळून काढावा इतका ओला होता. कुणीतरी पाणी आणलं. ती गटागटा प्यायली, थोडं सांडलं, पुन्हा प्यायली.

गवंडीकाकांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे, कडी मीच लावली. थापी-ओळंबा ठेवायला आलो होतो. डोकावलो पण होतो, शप्पथ सांगतो. अंधारात काही दिसलं नाही, आणि आत काही आवाज नव्हता रे."

आईने तिला छातीशी धरलं आणि वर एक धपाटाही घातला, मग पुन्हा धरलं. "हाक मारायची नाही का? ओरडायचं नाही का गं?"

मुंगीने आईच्या कानाला तोंड लावलं. "मी ओरडत होते," ती कुजबुजली. "केव्हाची ओरडत होते. काकांना पण ओरडले. ते गेले."

नवरा गुडघ्यांवर बसला. त्याचं तोंड पिठासारखं पांढरं झालं होतं. "कशी ओरडलीस? दाखव बघू मला."

मुंगीने खांदे वर घेतले. मुठी आवळल्या, डोळे घट्ट मिटले, मान ताठ केली, गळ्याच्या शिरा दोऱ्यांसारख्या फुगल्या. एवढ्याशा पोरीने अंगातला सगळा जोर लावला. "बाबा," ती म्हणाली. जवळ उभे होते त्यांनाच ते ऐकू आलं.

गवंडीकाका भिंतीकडे बघत उभे राहिले. आईला वाटलं, आपण हे केलं. दुसऱ्या कुणी नाही, आपणच, इतक्या निगुतीने, इतक्या मायेने केलं.

त्या दिवशी तो पुन्हा झोपला नाही. कसा झोपेल? आणि तसाच कामाला गेला. जाऊ नका म्हणायला तिला तोंड नव्हतं, आणि त्याला घरात बसवेना. उजाडेपर्यंत तिचा जीव टांगणीला लागला होता. सायकल वाजली तशी ती दारात गेली आणि आधी त्याचे हात पाहिले. दोन्ही हात जागच्या जागी होते, पिठाने माखलेले.

चहा पिऊन झाल्यावर त्याने दोघा पोरांना समोर बसवलं. "हे बघा," तो म्हणाला, "आजपासून घरात बोलायचं. मोठ्याने. हसायचं, भांडायचं, घर डोक्यावर घ्यायचं. मी झोपलो असलो तरी."

पोरांनी आईकडे पाहिलं.

"आणि तुमचा हात?" ती म्हणाली.

"माझा हात माझ्याकडे. कानात कापूस घालीन, नाहीतर मालकाकडून दिवसपाळी मागीन. बघू काय ते." मग तो मुंगीकडे वळला. "तू मला जोरात हाक मारायची. मी जागा झालो तर तू जिंकलीस." तो आत गेला. दार त्याने उघडंच ठेवलं.

भोंग्याने मनाचा हिय्या करून एकदा "ओ" केलं आणि आपल्याच आवाजाला दचकून आईच्या मागे लपला. मग थोड्या वेळाने पुन्हा केलं. त्याचं होईल, तिला वाटलं, तो मुळात भोंगाच. मुंगी खिडकीखाली बसली आणि नेहमीसारखी बाहुलीच्या कानात काहीतरी सांगू लागली. आईने तिच्या शेजारी फतकल मारली.

"मुंगे, बाबांना हाक मार ना."

मुंगीने नकारार्थी मान हलवली.

"अगं, बाबांनीच सांगितलंय ना."

"ते दमलेत," मुंगी कुजबुजली.

आईने ताट घेतलं आणि मुद्दाम फरशीवर आपटलं. खणखणाट झाला. मुंगी झटकन उठली, गरगर फिरणाऱ्या ताटावर दोन्ही हात दाबून तिने ते थांबवलं आणि आईकडे असं पाहिलं, जसं आई इतकी वर्षं पोरांकडे पाहत आली होती.

आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती ते पुसत असतानाच आतून त्याचा आवाज आला, थकलेला, टक्क जागा.

"ओरडली का गं?"

"नाही अजून," ती म्हणाली. "तुम्ही झोपा."